तिद्दलिकच्या पोटातले पाणी: ऑस्ट्रेलियातील आदिवासी कथा आणि मुलांची चित्रपुस्तके

ऑस्ट्रेलियात लहानपण गेलेल्या बहुतेकांना तिद्दलिक नावाचा बेडूक ठाऊक असतो. एके सकाळी त्याला विलक्षण तहान लागते आणि नद्या, तळी, डबकी असे सगळे पाणी पिऊन तो डोंगराएवढा फुगून बसतो. झाडे वाळू लागतात, प्राणी तहानेने व्याकूळ होतात आणि शेवटी ठरवतात की याला हसवल्याशिवाय पाणी काही बाहेर यायचे नाही. कुकाबरा पक्षी विनोद सांगतो, कांगारू उड्या मारून दाखवतो, सरडा मान फुलवून मिरवतो, तिद्दलिक ढिम्म. मग वाम मासा शेपटीवर उभा राहून असा काही वेडावाकडा नाचतो की बेडकाला हसू आवरत नाही आणि त्याच्या तोंडातून सगळे पाणी धो धो वाहत नद्यांत परत जाते. मुलांच्या चित्रपुस्तकासाठी याहून सोयीची गोष्ट शोधून सापडायची नाही: एक अवाढव्य प्राणी, पानागणिक एकेक फसलेला प्रयत्न आणि शेवटच्या जोडपानावर पाण्याचा लोंढा. साहजिकच या बेडकाची कितीतरी पुस्तके निघाली, आणि त्यांपैकी पुष्कळांनी गोष्टीची ओळख ‘एक आदिवासी दंतकथा’ एवढीच करून दिली. घोटाळा तिथून सुरू होतो.

१७८८ साली इंग्रजांनी सिडनीच्या किनाऱ्यावर वसाहत केली, तेव्हा त्या खंडावर अडीचशेच्या आसपास भाषा बोलल्या जात होत्या. भाषा बदलली की मुलूख बदलत असे, नातेसंबंधांचे नियम बदलत आणि कथाही बदलत. अशा खंडातल्या एखाद्या गोष्टीला नुसते ‘आदिवासी’ म्हणणे म्हणजे पोर्तुगालपासून रशियापर्यंतची कोणतीही गोष्ट ‘युरोपीय दंतकथा’ म्हणून छापण्यासारखे आहे. तिद्दलिकची गोष्ट गुनाइकुर्नाइ लोकांची आहे. हे लोक व्हिक्टोरिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या गिप्सलँडचे. हा भाग हिरवागार, पावसाचा, नद्यांचा आणि समुद्रालगतच्या सरोवरांचा आहे. तरीही कित्येक चित्रांत हा बेडूक तांबड्या, भेगाळलेल्या वाळवंटात बसलेला दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागात शरीरात पाणी साठवून महिनोन्‌महिने जमिनीखाली पडून राहणारा एक बेडूक खरोखर आहे आणि टंचाईच्या वेळी तिथले लोक त्याला खणून काढून, पिळून पाणी पीत असत. निसर्गविज्ञानाच्या पुस्तकातला हा बेडूक आणि गिप्सलँडच्या कथेतला बेडूक एकच, असे गृहीत धरले गेले. दोघांच्या घरांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर आहे, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

यापेक्षा मोठे नुकसान कथेच्या शेपटीचे झाले. एकोणिसाव्या शतकात गिप्सलँडमधून लिहून घेतलेल्या कथेत पाणी बाहेर पडल्यावर आनंदीआनंद होत नाही. पूर येतो, अनेक जण बुडतात आणि उरलेले छोट्या बेटांवर अडकून पडतात. त्यांना सोडवायला पाणकोळी होडी घेऊन येतो. त्याचे मन एका स्त्रीवर बसते म्हणून तो तिला शेवटपर्यंत मागे ठेवतो. ती त्याचा हेतू ओळखते, आपल्या कातड्याच्या पांघरुणात एक ओंडका गुंडाळून ठेवते आणि निसटते. फसवले गेल्याचे कळताच पाणकोळी लढाईच्या तयारीने अंगाला पांढरी माती फासू लागतो. अर्धे अंग रंगून होते न होते तोच दुसरा पाणकोळी येतो आणि हा काळापांढरा विचित्र प्राणी कोण म्हणून त्याला मारून टाकतो. तेव्हापासून पाणकोळी काळेपांढरे झाले. सहा वर्षांच्या मुलासाठी हा भाग गाळण्याचा मोह कोणत्याही संपादकाला होईल, आणि तो मी समजू शकतो. मात्र याच गुनाइकुर्नाइ लोकांच्या परंपरेत बोरुन नावाचा पाणकोळी हा त्यांचा मूळ पुरुष आहे. डोक्यावर होडी घेऊन तो डोंगरांतून समुद्राकडे चालत आला, असे ते सांगतात. पाणकोळी गाळला की गोष्ट आटोपशीर होते आणि त्याच वेळी तिचा त्या लोकांशी असलेला धागाही तुटतो. उरतो तो कुठल्याही देशात चालेल असा एक गमतीदार बेडूक.

या कथा ज्या व्यवस्थेत जगतात ती थोडी समजून घेतली, तर गाळणे आणि जोडणे एवढे नाजूक का असते ते कळते. पूर्वजांनी भूमीवरून प्रवास केला आणि त्या प्रवासात डोंगर, पाणवठे, खडक, प्राणी आणि माणसांनी पाळायचे नियम घडवले, अशी ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक आदिवासी समाजांची श्रद्धा आहे. इंग्रजीत या साऱ्याला ‘ड्रीमिंग’ म्हणतात. चित्रपुस्तके सहसा ‘फार फार वर्षांपूर्वी’ अशी सुरुवात करतात, पण सांगणाऱ्यांच्या दृष्टीने तो काळ संपलेला नाही. पूर्वज त्या त्या जागी आजही आहेत आणि कथा ही त्या जागेची माहिती, हक्क आणि कायदा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नगारिंजेरी लोकांची नगुरुंदेरी या पूर्वजाची कथा घ्या. तो एका अजस्र मरे कॉड माशाचा पाठलाग करतो आणि माशाच्या शेपटीच्या फटकाऱ्यांनी मरे नदीला तिचे रुंद पात्र आणि वळणे मिळतात. पुढे त्याच्या पळालेल्या दोन बायका कांगारू बेटाकडे चालत निघतात, तेव्हा तो समुद्राला चढायला सांगतो. त्या बुडतात आणि त्यांचे खडक होतात. पेजेस नावाची ती बेटे नकाशावर आजही आहेत. कांगारू बेट मुख्य भूमीपासून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढल्यामुळे तुटले, आणि त्या घटनेची आठवण या कथेत टिकून असावी, असे काही संशोधक मानतात. एकाच कथेत नदीचा नकाशा, किनाऱ्याचा इतिहास आणि नवराबायकोच्या वर्तनाचे नियम असे सगळे बांधलेले असते.

अशी कथा कोणीही कुठेही सांगू शकत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांत प्रत्येक ड्रीमिंगचे ‘किर्दा’ असतात, ज्यांचा हक्क वडिलांकडून येतो, आणि ‘कुर्दुंगुर्लु’ असतात, ज्यांचे नाते आईकडून येते आणि ज्यांचे काम विधी नीट पार पडतो की नाही यावर लक्ष ठेवण्याचे असते. एक बाजू मालक, दुसरी राखणदार. दोघांवाचून काम पुढे जात नाही. शिवाय कथेचे थर असतात. एक रूप मुलांसमोर मोकळेपणाने सांगायचे, त्याच्या खालचे दीक्षा झालेल्या पुरुषांना किंवा केवळ स्त्रियांना कळायचे. म्हणजे मुलांसाठी सोपे करून सांगण्याची कला बाहेरच्या लेखकांनी आणून दिली असे मुळीच नाही; ती त्या समाजात होतीच, फक्त काय सोपे करायचे हे ठरवणारी माणसे ठरलेली होती. ही मर्यादा ओलांडली गेली तेव्हा प्रकरण न्यायालयातही गेले. चार्ल्स माउंटफर्ड या हौशी मानववंशशास्त्रज्ञाचे मध्य ऑस्ट्रेलियातल्या लोकांवरचे मोठे पुस्तक १९७६ साली निघाले. त्यात पुरुषांच्या गुप्त विधींची चित्रे व माहिती होती आणि ती त्यांना अनेक वर्षांपूर्वी विश्वासाने सांगितलेली होती. पिचांजारा लोकांच्या मंडळाने न्यायालयात धाव घेतली आणि नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रदेशात त्या पुस्तकाच्या विक्रीवर मनाई हुकूम मिळवला. हे मुलांचे पुस्तक नव्हते, हे खरे. परंतु याच माउंटफर्डांनी लिहिलेल्या आणि एन्स्ली रॉबर्ट्स या गोऱ्या चित्रकाराने रंगवलेल्या दंतकथांच्या पुस्तकांवर ऑस्ट्रेलियातल्या मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी वाढली.

ही लिहून घेण्याची रीत त्याहून बरीच जुनी. के. लँगलोह पार्कर या बाईंचा दंतकथासंग्रह १८९६ साली लंडनमध्ये छापला गेला. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात नॅरन नदीकाठी त्यांच्या पतीचे गुराढोरांचे मोठे ठाणे होते आणि तिथल्या युवालाराय लोकांकडून त्यांनी या कथा ऐकल्या. लहानपणी नदीत बुडताना एका आदिवासी मुलीने त्यांना वाचवले होते. त्या काळच्या मानाने पार्करबाई काळजीपूर्वक काम करणाऱ्या होत्या. कथा सांगणाऱ्यांपैकी काही जणांची नावे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवली आणि पुस्तक त्यांच्यातल्याच एका वृद्धाला अर्पण केले. तरी संग्रहाची जडणघडण परीकथांची आहे, आणि हा समाज आता लयाला चालला आहे, तेव्हा त्याच्या गोष्टी टिपून ठेवाव्यात, हा सूर त्यात आहे. चित्रांची कथा तर आणखी बोलकी आहे. ती एका ‘देशी चित्रकाराची’ म्हणून छापली गेली. हा चित्रकार म्हणजे मरे नदीकाठचा टॉमी मॅक्रे, शाईने काळ्या सावल्यांसारख्या आकृत्या काढणारा अतिशय कसबी माणूस. त्याची चित्रे लंडनला पोहोचली ती प्रस्तावनाकार अँड्र्यू लँग यांच्या डॉक्टर भावामार्फत. मॅक्रेचा मुलूख कथांच्या मुलखापासून दक्षिणेला कितीतरी दूर होता. एका समाजाची कथा, दुसऱ्या समाजातल्या माणसाचे चित्र आणि चित्रकाराचे नाव नाही, हा नमुना त्या पहिल्याच मोठ्या पुस्तकात तयार झाला. त्या कथांची निवड १९५३ साली नव्या चित्रांसह निघाली आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बालपुस्तकांच्या वार्षिक पुरस्काराची मानकरी ठरली. नवी चित्रे एका गोऱ्या चित्रकर्तीची होती.

आदिवासी माणसाने स्वतः कथा लिहिल्या तर प्रश्न सुटतो का? डेव्हिड युनायपॉन यांचे उदाहरण पाहिले तर नाही, असेच म्हणावे लागते. हे नगारिंजेरी समाजातले गृहस्थ १८७२ साली जन्मले. ते संशोधक होते, धर्मोपदेशक होते, फर्डे वक्ते होते आणि ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर आज त्यांचाच चेहरा आहे. १९२०च्या दशकात त्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या निरनिराळ्या समाजांच्या कथा गोळा केल्या आणि बायबलच्या वळणाच्या भारदस्त इंग्रजीत लिहून काढल्या. हस्तलिखित सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसन या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले आणि पुढे विल्यम रॅमसे स्मिथ या एडिलेडच्या डॉक्टरांना विकले. १९३० साली ते लंडनमध्ये पुस्तकरूपाने आले तेव्हा लेखक म्हणून स्मिथ यांचे नाव होते. युनायपॉन यांचा कुठेही उल्लेख नव्हता. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, त्यातल्या गोष्टी उचलून इतरांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या असतील तर त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि युनायपॉन १९६७ साली वारले. त्यांच्या स्वतःच्या नावाने हे पुस्तक निघायला २००१ साल उजाडले. सिडनीच्या मिचेल ग्रंथालयातली मूळ हस्तलिखिते दोन अभ्यासकांनी संपादित केली तेव्हा हे घडले.

या व्यवहारातला चीड आणणारा भाग असा की तो कायद्याच्या कागदावर बसत होता. कॉपीराइट म्हणजे लिखित वा चित्रित रूपावरचा हक्क; तो नाव असलेल्या लेखकाला मिळतो, विकता येतो आणि ठरावीक मुदतीने संपतो. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या कथेला असा एक लेखक नसतो. म्हणून कायद्याच्या नजरेत ती बेवारस, आणि जो प्रथम कागदावर उतरवेल त्याच्या शब्दांवर मात्र त्याचा पूर्ण हक्क. समाजाच्या सामूहिक मालकीला या चौकटीत खोली नाही. १९९०च्या दशकात गालिचे आणि कापडावर आदिवासी चित्रे परवानगीवाचून छापल्याचे खटले ऑस्ट्रेलियात गाजले. १९९८ सालच्या कापडाच्या खटल्यात न्यायालयाने एवढे मानले की चित्रकार आपल्या कुळाच्या पवित्र आकृत्या वापरतो तेव्हा कुळाच्या हिताची जबाबदारी त्याच्यावर असते. कुळाला स्वतःचा कॉपीराइट काही मिळाला नाही. त्यामुळे बालपुस्तकांच्या क्षेत्रात आज जे नियम पाळले जातात ते बव्हंशी शिष्टाचाराचे आहेत: समाजातल्या जाणत्यांना विचारा, मसुदा वाचून दाखवा, मानधनाचा वाटा द्या, सांगणाऱ्याचे आणि मुलखाचे नाव छापा. पाळले नाहीत म्हणून सहसा खटला होत नाही, बदनामी होते.

या पार्श्वभूमीवर डिक रफ्सी यांचे काम पाहायला हवे. गूबालाथाल्डिन हे त्यांचे मूळ नाव. कार्पेंटेरियाच्या आखातातल्या मॉर्निंग्टन बेटाजवळ, लार्डिल समाजात ते जन्मले. १९६०च्या दशकाच्या आरंभी आखाताच्या किनाऱ्यावरच्या एका विश्रामगृहात ते आवारातली कामे करत असताना पर्सी ट्रेझाइझ या विमानचालकाशी त्यांची ओळख झाली. ट्रेझाइझना केप यॉर्क द्वीपकल्पातल्या गुहाचित्रांचे वेड होते. दोघे वर्षानुवर्षे लॉरा गावाभोवतीच्या वालुकाश्मांच्या कपारी धुंडाळत हिंडले, तिथल्या वृद्धांकडून चित्रांमागच्या कथा ऐकत राहिले आणि त्यातून १९७०च्या दशकात चित्रपुस्तके जन्मली. रफ्सींच्या ‘द रेनबो सर्पंट’ला १९७६ साली ऑस्ट्रेलियाचा सर्वोत्कृष्ट चित्रपुस्तकाचा पुरस्कार मिळाला आणि दोघांच्या ‘द क्विंकिन्स’ला १९७९ साली.

इंद्रधनुषी सर्पाच्या त्या पुस्तकात गुरिअल्ला नावाचा महाकाय साप आपले लोक शोधत दक्षिणेकडून उत्तरेकडे निघतो. सपाट, उजाड जमिनीवरून तो सरपटतो तशी त्याच्या अंगाने दऱ्या आणि खाड्या पडतात. त्याला लोक सापडतात, तो त्यांना नीट नाचायला शिकवतो. एका वादळी रात्री आसरा शोधत आलेल्या दोन पोरांना तो गिळतो आणि मग आपल्या कृत्याला घाबरून डोंगरावर पळतो. लोक त्याच्या मागावर जातात, तो झोपलेला असताना त्याचे पोट चिरतात आणि आतून पोरांऐवजी रंगीत पोपटांची जोडी उडून जाते. जागा झालेला साप रागाने डोंगराच्या ठिकऱ्या उडवतो. भेदरलेले लोक पळता पळता पशुपक्षी, किडे, झाडे होतात. रफ्सींनी ही चित्रे रंगवताना माणसे मुद्दाम लहान ठेवली आहेत. पानभर पसरलेली जमीन, आकाश, पाऊस, आणि त्यात बोटभर आकृत्या. मुलाचे लक्ष आधी भूमीकडे जाते, मग तिच्यावर वावरणाऱ्यांकडे. युरोपीय चित्रपुस्तकांत नायक पान व्यापतो; इथे मुलूख पान व्यापतो. मला या पुस्तकाचा खरा पराक्रम गोष्टीपेक्षा या प्रमाणात दिसतो.

गंमत म्हणजे आदिवासी चित्र म्हटले की लोकांच्या मनात येणारे ठिपके इथे सापडत नाहीत. ठिपक्यांची शैली वाळवंटी प्रदेशातली. १९७१ नंतर पापुन्या या वस्तीतल्या चित्रकारांनी वाळूवरच्या आणि अंगावरच्या आकृत्या फळ्यांवर रंगवायला घेतल्या आणि गुप्त खुणा परक्या नजरेपासून झाकण्यासाठीही ठिपक्यांचा उपयोग केला. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक आडव्यातिडव्या रेघांनी रंग भरतात, वायव्येकडच्या किंबर्लीत मोठ्या डोळ्यांचे, तोंड नसलेले वांजिना नावाचे पूर्वज रंगवतात. मात्र चित्रपुस्तकांच्या बाजारात समुद्रकाठच्या कथेलाही ठिपके चिकटवले गेले. हे आपल्यालाही अपरिचित नाही. डहाणू-जव्हारकडे वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, पालघट देवीची स्थापना होते. त्या आकृत्या साड्यांवर आणि चहाच्या कपांवर आल्या तेव्हा नाचणारी माणसे तेवढी उतरली, चौक मागेच राहिला.

रफ्सींच्या पुस्तकांतही एक पेच आहे. ते लार्डिल होते, पण या पुस्तकांतल्या कथा केप यॉर्कच्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या समाजाच्या कथा १९७१ सालच्या त्यांच्या आत्मचरित्रात येतात. त्यांच्या बेटावरचा सर्प वेगळा. त्याचे नाव थुवाथू. पाऊस कोसळत असताना बहीण आपल्या तान्ह्या मुलीसाठी त्याच्या झोपडीत जागा मागते, तो नाकारतो, मुलगी मरते आणि बहीण झोपडी पेटवून देते. जळणारा सर्प तडफडत जातो तिथे नदी होते. आप्तांना आसरा नाकारण्याचे फळ सांगणारी ही कथा आणि डोंगर फोडणाऱ्या गुरिअल्लाची कथा यांत साम्य फार थोडे आहे. दोघांना ‘इंद्रधनुषी सर्प’ या एकाच नावाखाली आणले ते रॅडक्लिफ-ब्राउन या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने, १९२६ सालच्या एका निबंधात. चित्रपुस्तकांनी ते सामायिक नाव उचलले आणि ऑस्ट्रेलियाभर एकच इंद्रधनुषी सर्प असल्याचा समज रुजला. रफ्सींनी केप यॉर्कच्या कथा तिथल्या लोकांत वावरून, त्यांच्याकडून ऐकून घेतल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे; पुरस्कार देणाऱ्यांना त्या दोन मुलखांतला फरक कितपत ठाऊक होता, ही शंका मात्र राहते.

पुढचा बदल प्रकाशनाच्या मालकीत झाला. किंबर्लीतल्या जाणत्या मंडळींनी १९८४ साली एकत्र येऊन आपल्या कथा आपणच छापायचे ठरवले आणि त्यातून ब्रूम या गावी मॅगाबाला बुक्स ही आदिवासींच्या मालकीची संस्था उभी राहिली. तिने १९९२ साली काढलेले ‘जारानी रफटेल’ हे पुस्तक मी या विषयावर बोलताना सर्वांत आधी दाखवीन. वाळवंटाच्या कडेच्या कुकाचा लोकांच्या कथा त्यात कुकाचा आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. लुसिल गिल यांची रंगीत चित्रे आहेतच, पण चित्रांच्या जोडीला खुणांचा उलगडा करणाऱ्या आकृत्याही दिल्या आहेत: इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. मूल आधी कथा ऐकते, मग चित्र वाचायला शिकते. वडीलधाऱ्या बाया वाळूत बोटांनी रेघा ओढत गोष्ट सांगतात, रेघा पुसून पुढचा प्रसंग काढतात, त्या पद्धतीच्या इतक्या जवळ छापील पान क्वचितच गेले आहे. कुकाचा समाजात कोणाला कोण काय लागते याची मांडणीही पुस्तकात आहे, कारण त्यावाचून कथेतले वागणे समजत नाही.

याच्याही आधी, १९७३पासून, नॉर्दर्न टेरिटरीतल्या द्विभाषिक शाळांत छोटे छापखाने चालत. युएंदुमू, यिरकला, मिलिंगिंबी अशा वस्त्यांमधले शिक्षक आणि वृद्ध मिळून वार्लपिरी, योल्ङू वगैरे भाषांत पिनांनी टाचलेल्या पातळ पुस्तिका काढत. दुकानात न दिसणाऱ्या या पुस्तिका हाच माझ्या मते या परंपरेचा सर्वांत अस्सल भाग, कारण त्यांचा वाचक त्याच मुलखातले मूल होते आणि त्याला पाणवठा कुठे आहे हे सांगावे लागत नव्हते. १९९८ साली तिथल्या सरकारने द्विभाषिक शिक्षण गुंडाळण्याची घोषणा केली आणि २००८ साली रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवण्याचा नियम आणला. पुस्तिका कपाटांत पडून राहिल्या. आता चार्ल्स डार्विन विद्यापीठाने त्यांतल्या हजारो पुस्तिका स्कॅन करून इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. दुर्गम वस्त्यांतल्या मुलांना पुस्तके पुरवणाऱ्या आणि त्यांच्या भाषांत पुस्तके छापणाऱ्या इंडिजिनस लिटरसी फाउंडेशनला २०२४ साली स्वीडनचा अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन स्मृतिपुरस्कार मिळाला, जो बालसाहित्यातला जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा पुरस्कार मानला जातो.

जुनी खोड मात्र गेलेली नाही. त्याच २०२४ साली ब्रिटनमधल्या एका नामवंत बल्लवाचार्यांची मुलांसाठीची कादंबरी प्रकाशकाला बाजारातून मागे घ्यावी लागली. तिच्यातली आदिवासी मुलगी अ‍ॅलिस स्प्रिंग्सजवळ राहते आणि शब्द वापरते ते हजारहून अधिक किलोमीटरवरच्या गामिलाराय भाषेतले. शिवाय तिला गूढ शक्ती बहाल केलेल्या. कोणाला विचारलेच नव्हते, अशी कबुली नंतर आली.

मराठी पालकांच्या किंवा ग्रंथपालांच्या हाती असे एखादे पुस्तक आले तर चित्रे पाहण्याआधी माहितीचे पान उघडावे. कथा कोणत्या समाजाची, कोणत्या मुलखाची, सांगितली कोणी, चित्रे कोणाची आणि परवानगी कोणी दिली, यांपैकी निदान तीन गोष्टी तिथे नसतील तर ते पुस्तक गोष्ट म्हणून खुशाल वाचावे, त्या समाजाची ओळख म्हणून मुलांपुढे ठेवू नये. ‘पक्ष्यांना रंग कसे मिळाले’ ही पश्चिम किनाऱ्यावरच्या बार्डी लोकांची कथा १९८३ साली छापली गेली, तेव्हा ती मेरी अल्बर्ट यांनी सांगितली आणि चित्रे आदिवासी मुलांनी काढलेल्या चित्रांवर बेतली, हे पुस्तकातच नोंदवलेले आहे. म्हणजे छोट्या, स्वस्त पुस्तकातही ही नोंद बसते. काही पुस्तकांच्या आरंभी मृत व्यक्तींची नावे वा छायाचित्रे आत असल्याची सूचना असते. अनेक समाजांत गेलेल्या माणसाचे नाव काही काळ उच्चारत नाहीत, म्हणून ती देतात. मुलाला ती वाचून दाखवायला हरकत नाही.

अनुवाद करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते. प्रकाशकाकडून मराठीचे हक्क घेतले की कायद्याचे काम संपते, पण कथेवर समाजाचा जो हक्क आहे तो त्या करारात बहुधा नसतो; त्यासाठी प्रकाशकामार्फतच समाजाच्या मंडळाला वेगळे पत्र लिहावे लागते आणि उत्तर यायला महिने लागू शकतात. द्विभाषिक पुस्तक असेल तर आणखी एक पाहावे. अनुवाद इंग्रजीवरून होतो, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीच्या जागी बसतो आणि छपाईचा खर्च वाचवण्यासाठी मूळ भाषेच्या ओळी पहिल्यांदा उडवल्या जातात. त्या ठेवाव्यात. कुकाचा ओळ वर, मराठी खाली, अशा पानावर इंग्रजी नसले तरी काही बिघडत नाही.